मदत हवी आहे: टायगर बार्बमध्ये एकाच माशाला टोचणं थांबत नाही

नमस्कार मंडळी. टाकी 3 फूट लांब, 15 इंच रुंद, 18 इंच उंच, म्हणजे पाणी साधारण 150 लिटर. त्यात फक्त 6 टायगर बार्ब (थव्याने राहणारे छोटे पट्टेदार मासे). तापमान 25 अंश, पीएच 7, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट 20. दर आठवड्याला 30 टक्के पाणी बदलतो. म्हणजे पाण्याचा दोष वाटत नाही.

त्रास असा: सर्वात मोठा नर (नाकाडाला गडद लाल रंग) एका लहान माशाच्या मागे सतत लागतो. त्या बिचाऱ्याची शेपटी कडेने कुरतडली आहे, तो हीटरमागे डोकं खाली करून उभा राहतो आणि खाणं टाकल्यावरच बाहेर येतो. कडा स्वच्छ आहेत, पांढरा कापूस नाही, म्हणून फिन रॉट (पर कुजण्याचा रोग) नसावा.

6 चा थवा लहान पडतो, एकाच्याच वाट्याला सगळा मार येतो, हे पटतं. थवा 12 वर न्यायचा विचार आहे. नेमकं विचारायचं ते हे:

नवे 6 एकदम सोडावेत की तीन-तीन? एकदम सोडले तर दादागिरी विभागली जाईल, पण फिल्टरमधल्या, माशांची घाण पचवणाऱ्या जिवाणूंवर अचानक भार येईल. क्वारंटाइन वेगळ्या टाकीत करणारच आहे.

हिरवे टायगर बार्ब याच जातीचे, ते या थव्यात खरंच मिसळतात का?

जखमी मासा जाळीच्या डब्यात ठेवावा, की त्या नरालाच काही दिवस बाहेर काढून, दगड-झाडं हलवून मग परत सोडावं? मला दुसरा उपाय बरा वाटतो. कुणी केलंय का?