मदत हवी आहे: क्लास घेतला तरी नर्सेसचा अ‍ॅटिट्यूड स्कोअर खाली??

दमलेली_ट्यूटर: कोणीतरी लवकर सांगा प्लीज, परवा गाईडना दाखवायचंय. दारूच्या पेशंटवर क्लास घेतला, आधी आणि नंतर फॉर्म भरून घेतले, नॉलेजचे मार्क वाढले पण अ‍ॅटिट्यूड तिथेच, काहींचा तर घसरलाय. गाईड म्हणतात क्लासच फसला. काय करू?

आकडेमोड: किती जणी? कुठला फॉर्म? क्लास किती वेळाचा? आम्ही काय पत्रिका बघून सांगायचं?

रात्रपाळी: मला तर स्कोअर खरा वाटतो. १८ वर्षं मेडिसिन वॉर्डात काढलीत. शिव्या आम्ही खायच्या, सलाईन उपटून घेतलं की रक्ताची चादर आम्ही बदलायची, आणि पंधरा दिवसांनी तोच माणूस परत त्याच कॉटवर. एका क्लासने माया कुठून येणार?

सुटलेला: सगळ्यांना एएच्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) ओपन मीटिंगला बसवा. १९३५ पासून चालू आहे, फुकट आहे. मी ९ वर्षं थेंब घेतलेला नाही. सुटलेला माणूस सिस्टरना दिसतच नाही हो, त्यांना दिसतो तो फक्त परत आलेला.

रात्रपाळी: हे मात्र खरंय.

दमलेली_ट्यूटर: ४० स्टाफ नर्स, दीड तास, फॉर्म एसएएपीपीक्यू, दारूच्या पेशंटबरोबर काम करताना काय वाटतं ते विचारणारा, १० वाक्यांचा. @रात्रपाळी, मी हा विषय का घेतला सांगते. पाय मोडून आलेला एक जण, हातात ग्लास धरवेना, पाणी सगळं छातीवर. सगळ्या म्हणाल्या नाटकं करतोय. तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या आणि प्लास्टरसकट कॉटवरून खाली. शेवटची कधी घेतली हे कोणी विचारलंच नव्हतं, मीपण नाही.

काळजीत: इथे सिस्टर आहेत म्हणून विचारते, मिस्टरांना न सांगता जेवणातून दारू सोडायची गोळी दिली तर चालेल का?

रात्रपाळी: अजिबात नको ताई! ती डायसल्फिराम असली आणि वरून ते प्यायले तर चेहरा लालबुंद, उलट्या, बीपी पडतं, जिवावर बेतू शकतं. आणि रोज भरपूर पिणाऱ्याची एकदम बंदपण करू नका, डॉक्टरांकडे न्या. वेगळा धागा काढा.
@ट्यूटर, मग तेच शिकवायचं ना. भरती करतानाच शेवटची कधी घेतली विचारा, दारू थांबली की काही तासांत थरथर सुरू होते, फिट बहुतेक पहिल्या दोन दिवसांत, डीटी (भास, बरळणं) साधारण दोन ते चार दिवसांत, थायमिन (बी१ व्हिटॅमिन) ग्लुकोजच्या आधी. माणूस नाटक करत नाहीये हे कळलं की निम्मा राग जातो.

आकडेमोड: अहो पण त्या फॉर्ममधली काही वाक्यं उलटी आहेत, 'मला अपयशी वाटतं' टाइप. स्केल १ ते ७, तेवढ्यांचे मार्क ८ मधून वजा केलेत का? आणि सगळी एकत्र बेरीज नको, भाग वेगळे बघा.

दमलेली_ट्यूटर: अरे देवा. नव्हते केले. आत्ता केलं, 'मला जमतं' वाढलंय! 'समाधान मिळतं' मात्र जिथल्या तिथे.

आकडेमोड: मग क्लास फसला नाही, तेवढंच दाखवा. पेअर्ड टी टेस्ट लावा, फरक खरा की योगायोग ते बघायला, आधीचा आणि नंतरचा फॉर्म एकाच बाईचा जोडून.

दमलेली_ट्यूटर: फॉर्मवर नावं नाहीयेत हो. खरं लिहावं म्हणून मीच सांगितलं होतं नाव घालू नका. कोड नंबरपण नाही दिले.

आकडेमोड: 🤦 हे पहिल्या पोस्टमध्ये नाही का सांगायचं!