अमेरिकेत सामान्य माणसाची सुधारणेची कल्पना खरंच कुठवर पोचते?

नोव्हीकर
नमस्कार मंडळी. मिशिगनला राहून बरीच वर्षं झाली, आता सिटीझन झालोय, मत देतो, त्यामुळे हा प्रश्न आता बाहेरच्या माणसाचा राहिलेला नाही म्हणून विचारतोय. इथे कुठेही चार जण जमले, ऑफिसात असो, मुलांच्या सॉकरच्या मैदानावर असो नाहीतर आपल्या गणपतीच्या कार्यक्रमात, प्रत्येकाकडे सरकार सुधारायची एक यादी तयार असते. काँग्रेसवाल्यांना (म्हणजे इथल्या संसदेतल्या खासदारांना) टर्म लिमिट लावा, म्हणजे किती वर्षं पदावर राहता येईल याला मर्यादा घाला, राष्ट्राध्यक्ष राज्यवार प्रतिनिधींच्या मतांनी निवडणारं इलेक्टोरल कॉलेज काढून टाका, खासदारांनी शेअर बाजारात पैसे लावायचे नाहीत, शटडाऊन झालं की पहिला पगार त्यांचा थांबवा (२०२५ मध्ये ४३ दिवस सरकार बंद होतं तेव्हा तर हे रोज ऐकलं), किमान वेतन वाढवा कारण फेडरल (केंद्र सरकारचा) आकडा २००९ पासून ताशी ७.२५ डॉलरवरच अडकलाय. यातल्या बऱ्याच गोष्टी दोन्ही पक्षांच्या मतदारांना पटतात, तरी होत काहीच नाही, आणि यातल्या काहींना तर घटनादुरुस्ती लागते, ती म्हटली की दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि वर ३८ राज्यांची मंजुरी.

तर प्रश्न असा, की साध्या लोकांनी सुरू केलेली अशी कोणती सुधारणा खरंच झाली आणि ती कशी झाली? डावं उजवं नकोय मला, उदाहरणं हवीत. आणि ज्याच्याकडे नोकरी सांभाळून फक्त शनिवार मोकळा असतो त्याने तो कुठे घालवावा?

शुभांगी_लान्सिंग
अहो तुम्ही मिशिगनमध्ये राहून हे विचारताय! २०१८ चं प्रपोजल २, सह्या गोळा करून मतदानाला आणलेला प्रस्ताव, विसरलात की काय? २०१६ च्या निवडणुकीनंतर दोन दिवसांनी केटी फेही नावाच्या एका विशीतल्या मुलीने फेसबुकवर लिहिलं की मला मिशिगनमधलं जेरीमँडरिंग (पक्षाच्या सोयीने मतदारसंघ आखणं) संपवायचंय, कोणाला मदत करायची आहे का. राजकारणाचा अनुभव शून्य. त्यातून व्होटर्स नॉट पॉलिटिशियन्स ही संघटना उभी राहिली आणि पैसे देऊन माणसं न लावता, सगळ्या स्वयंसेवकांनी मिळून सव्वाचार लाखांच्या वर सह्या गोळा केल्या, लागणार होत्या सव्वातीन लाखांच्या आत.

मी त्यात होते म्हणून सांगते, काम अतिशय किचकट असतं. घटनादुरुस्तीचा पूर्ण मजकूर अर्जासोबत छापावा लागतो त्यामुळे तो अर्ज एका पानात मावतच नव्हता, माणूस थांबला की आधी त्याची घडी उलगडून दाखवायची, मग समजावायचं की मतदारसंघाच्या रेषा आत्ता सत्तेतला पक्षच आखतो म्हणजे उमेदवारच आपले मतदार निवडतो, मग सही, पत्ता, तारीख, आणि यातलं एक जरी चुकलं तरी ती सही बाद होऊ शकते. फार्मर्स मार्केटमध्ये उन्हात उभं राहून लोकांना हे समजावताना एक गोष्ट लक्षात आली, जेरीमँडरिंग हा शब्द काढला की लोक पुढे जायचे, पण नकाशा दाखवून "तुमचं गाव या रेषेने मधोमध कापलंय" म्हटलं की थांबायचे.

६१ टक्के मतं मिळाली. आता रेषा १३ नागरिकांचा आयोग आखतो, ४ डेमोक्रॅट, ४ रिपब्लिकन, ५ कोणत्याच पक्षाचे नाहीत असे, आणि निवड अर्ज केलेल्या लोकांतून सोडत काढून. सगळं सुरळीत झालं असं नाही हं, डेट्रॉइटच्या भागातले १३ मतदारसंघ वंशाच्या आधारावर आखले म्हणून २०२३ च्या डिसेंबरात फेडरल कोर्टाने रद्द केले आणि ते परत आखावे लागले. पण निदान हे सगळं उघड बैठकीत झालं, लोकांसमोर.

आणि टर्म लिमिटचं म्हणाल तर आपल्याच राज्यात बघा. १९९२ मध्ये मतदारांनी लावलं, राज्य विधिमंडळाच्या हाउसला ६ वर्षं आणि सेनेटला ८. झालं काय, तर आमदाराला बजेट कळायला लागेपर्यंत त्याची जायची वेळ, आणि इमारतीत जुनं जाणतं कोण उरलं तर लॉबीइस्ट, म्हणजे कंपन्या आणि गटांसाठी आमदारांकडे शब्द टाकणारे लोक. २०२२ मध्ये आपणच ते बदललं, आता दोन्ही मिळून १२ वर्षं, म्हणजे एकाच ठिकाणी राहून नीट काम शिकता येतं. त्यामुळे टर्म लिमिट म्हणजे रामबाण उपाय असं कोणी म्हटलं की मी त्यांना लान्सिंगचा, आपल्या राजधानीचा, इतिहास सांगते. काँग्रेससाठी तर राज्यांना तसं करताही येत नाही, सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच सांगितलंय की त्याला घटनादुरुस्तीच लागेल.

पराग_बे_एरिया
शुभांगीताई, तुमचं काम मोठं आहे, पण मतपत्रिकेवर प्रश्न आणता येतो म्हणजे सत्ता लोकांच्या हातात आली असं मला कॅलिफोर्नियात राहून अजिबात वाटत नाही आणि हे मी कळकळीने सांगतोय. आमच्याकडे ही सोय १९११ पासून आहे, रेल्वे कंपनीच्या हातातून राज्य सोडवायला आणली होती. आणि २०२० मध्ये काय झालं, तर उबर, लिफ्ट, डोअरडॅश वगैरे कंपन्यांनी २० कोटी डॉलरच्या वर खर्च करून प्रॉप २२ (प्रॉप म्हणजे मतदानाला आलेला प्रस्ताव) पास करून घेतलं, ड्रायव्हरला कर्मचारी मानायचं नाही म्हणून. नागरिकांच्या हक्काचं दार होतं, त्यातून कंपन्या आत आल्या. दुकानाबाहेर सह्या घेणारी माणसं आमच्याकडे बहुतेक पगारी असतात, सहीमागे पैसे मिळतात त्यांना. आता अर्जावर मोठ्या देणगीदारांची नावं छापावी लागतात, ते मात्र चांगलं झालं, सही करायच्या आधी तेवढं तरी वाचत जा सगळ्यांनी.

दुसरं उदाहरण प्रॉप १३, १९७८ चं. खरोखर सामान्य घरमालकांचा उठाव होता तो, घराच्या किमती वाढत होत्या आणि पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्यांना टॅक्स झेपत नव्हता. म्हणून नियम केला की मूळ टॅक्स खरेदीच्या किमतीच्या १ टक्का आणि ती किंमत वर्षाला फार तर २ टक्के वाढणार. हेतू चांगलाच होता. पण आज माझ्या गल्लीत शेजारी शेजारी दोन सारखी घरं आहेत, एक त्या काळात घेतलेलं आणि एक आत्ता घेतलेलं, नवीन कुटुंबाचा टॅक्स शेजाऱ्याच्या कितीतरी पट, आणि शाळा तीच, रस्ता तोच. मोठ्या कंपन्यांच्या जमिनींनाही तीच सवलत. निदान व्यापारी जागांना बाजारभावाने टॅक्स लावा असा प्रस्ताव २०२० मध्ये आला होता, प्रॉप १५, तो थोडक्यात पडला. सामान्य माणसाची कल्पना एकदा घटनेत शिरली की ती दुरुस्त करणं महाकठीण होऊन बसतं, म्हणून ती आत घालतानाच शंभरदा विचार करायला हवा.

सुमेधा_एडिसन
तुम्ही दोघं भाग्यवान, आमच्या न्यू जर्सीत तर राज्याच्या पातळीवर लोकांनी सह्या करून प्रश्न मतपत्रिकेवर आणायची सोयच नाही. तरी आमच्याकडे एक मोठी गोष्ट झाली ती सांगते, कारण ती बाहेर फार कोणाला माहीत नाही.

आमची प्रायमरीची, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या निवडणुकीची, मतपत्रिका वेगळीच होती. बाकी देशात पदानुसार गट असतात, म्हणजे सेनेटर पदासाठी हे चार उमेदवार, त्यातून एक निवडा. आमच्याकडे २१ पैकी १९ काउंट्यांत पक्षाने पाठिंबा दिलेल्या सगळ्यांची नावं वरपासून खालपर्यंत एका सरळ रांगेत, राष्ट्राध्यक्षापासून अगदी गावच्या पदापर्यंत, आणि बाकीचे कुठेतरी लांब कोपऱ्यात. याला काउंटी लाइन म्हणायचे. मतदार बिचारा रांगेत खाली खाली खुणा करत जायचा. म्हणजे काउंटीच्या पक्षाध्यक्षाने ठरवलं की निवडणूक जवळजवळ झालीच. २०२० मध्ये ज्यांच्या मागे पक्ष नव्हता अशा काही उमेदवारांनी कोर्टात दावा लावला, तो रेंगाळला, मग २०२४ मध्ये अँडी किम सेनेटला उभे राहिले तेव्हा त्यांनीही दावा लावला आणि मार्च २०२४ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीसाठी ती पद्धत थांबवली. पुढच्या वर्षी विधिमंडळाने कायदाच बदलला.

मी त्या जूनमध्ये मत द्यायला गेले तेव्हा नवीन मतपत्रिका हातात आल्यावर नावं शोधावी लागली नाहीत, एका पदाखाली सगळे उमेदवार एकत्र. इतकी साधी गोष्ट. पण या साध्या गोष्टीसाठी लोक वर्षानुवर्षं मतपत्रिकांचे नमुने गोळा करून, त्यांचा अभ्यास करून दाखवत होते की जागेमुळे किती मतं फिरतात. माझं मत विचाराल तर पैशापेक्षा आणि भाषणांपेक्षा अशा तांत्रिक दिसणाऱ्या नियमांत जास्त ताकद असते, आणि तिथे कोणाचं लक्ष नसतं म्हणूनच ते तसे राहतात.

नोव्हीकर
सुमेधाताई, हे मला अजिबात माहीत नव्हतं, धन्यवाद. परागदादा, तुमचा मुद्दा पटतोय, पण मग पैशाच्या बाबतीतलं काय? किमान वेतन, नोकऱ्या, असल्या गोष्टी सह्या गोळा करून होतात का?

शुभांगी_लान्सिंग
होतात पण राखण करावी लागते. आपल्याकडे २०१८ मध्येच किमान वेतन आणि आजारपणाच्या पगारी रजेसाठी सह्या झाल्या होत्या. विधिमंडळाने काय केलं, तर मतदानाला जाऊच दिलं नाही, सप्टेंबरात स्वतःच ते जसंच्या तसं मंजूर केलं आणि निवडणूक झाल्यावर डिसेंबरात साध्या बहुमताने त्याची पार वाट लावली. लोक कोर्टात गेले, आणि २०२४ च्या जुलैमध्ये मिशिगन सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा मतदारांच्या अधिकाराला दिलेला बगल आहे, चालणार नाही. फेब्रुवारी २०२५ पासून वेतन १२.४८ डॉलर झालं. साडेसहा वर्षं! एवढ्या काळात कमी पगारावर राबलेल्या लोकांचं जे गेलं ते परत थोडंच मिळणार. फ्लोरिडात बघा, तिथे राज्य चांगलंच उजवीकडे झुकलेलं, पण २०२० मध्ये १५ डॉलरच्या प्रस्तावाला ६० टक्क्यांची अट असूनही तो पास झाला. उमेदवार निवडताना लोक पक्ष बघतात, एकच प्रश्न समोर ठेवला की वेगळा विचार करतात.

कृष्णाकाठ_पुणे
मी अमेरिकेत राहत नाही, मुलगी तिकडे असते, पण नोकऱ्यांचा विषय निघाला म्हणून नोकरीच्या हमीबद्दल लिहितो. तिकडच्या चर्चांत 'जॉब गॅरंटी' ही नवीन कल्पना असल्यासारखी मांडतात. रूझवेल्टच्या काळात डब्ल्यूपीएने (बेकारांना सार्वजनिक कामं देणारी सरकारी संस्था) १९३५ ते ४३ मध्ये ८५ लाख लोकांना काम दिलंच होतं, पण तो हक्क नव्हता, सरकारने मनात आणलं म्हणून दिलेलं काम होतं. हक्क म्हणून आधी दिला तो आपल्या महाराष्ट्राने, वि. स. पागे यांच्या रोजगार हमीने. त्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो तो पैशाचा. १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला तो यासाठी. आजही पुण्यामुंबईत कोणाच्याही पगाराच्या स्लिपवर महिन्याला २०० रुपये कापलेले दिसतात, बहुतेकांना तो कशासाठी सुरू झाला हे माहीतही नसतं. म्हणजे शहरातल्या पगारदाराने दुष्काळातल्या मजुराचा भार उचलायचा असं कायद्यातच ठरलं. अमेरिकेतल्या लोकांच्या सुधारणांच्या याद्या मुलगी पाठवते त्या मी वाचतो, त्यांत काय करायचं ते भरपूर असतं, पण पैसे कोणाच्या खिशातून येणार ही ओळच नसते. ती ओळ लिहिली की कल्पना खरी होते.

पराग_बे_एरिया
काका, +१. तिकडे पैशाची ओळ लिहिलेलं एक उदाहरण आहे, अलास्का. १९७६ मध्ये घटनेतच घातलं की तेलाच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा कायमच्या फंडात जाणार, आणि १९८२ पासून प्रत्येक रहिवाशाला दरवर्षी त्यातून चेक मिळतो. नॉर्थ डकोटात १९१९ पासून राज्याच्या मालकीची बँक चालू आहे, धान्यव्यापारी आणि बाहेरच्या बँका पिळतात म्हणून शेतकऱ्यांनीच चळवळ करून सत्ता घेतली आणि ती काढली. शंभर वर्षं झाली, रिपब्लिकन राज्य आहे तरी कोणी ती विकायचं नाव काढत नाही.

रांगेतला
सगळं वाचलं, छान धागा. पण आमच्यासारख्यांनी काय करायचं? एच-१बी वर आहे, ग्रीन कार्डच्या रांगेत कधी नंबर लागेल माहीत नाही, सोशल सिक्युरिटी दर महिन्याला कापली जाते, मुलं इथल्या शाळेत, आणि मत नाही. राजकीय देणगीसुद्धा देता येत नाही आम्हाला. सुधारणा म्हटलं की आमचं नाव कुठल्याच यादीत नसतं.

सुमेधा_एडिसन
दादा, मत नाही म्हणून आवाज नाही असं नाही हो. कोणतंही फेडरल खातं नवीन नियम करताना आधी मसुदा जाहीर करतं आणि त्यावर कोणीही लेखी मत देऊ शकतं, नागरिक असण्याची अट नाही, १९४६ पासूनचा कायदा आहे. २०१५ मध्ये स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) शिकलेल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ओपीटीच्या, म्हणजे शिक्षणानंतर इथे काही काळ काम करायच्या परवानगीच्या, नियमावर ५० हजारांहून जास्त प्रतिक्रिया गेल्या आणि अंतिम नियमात सरकारला त्यातल्या मुद्द्यांना उत्तरं द्यावी लागली. फक्त एक करा, व्हॉट्सॲपवर फिरणारा तयार मजकूर चिकटवू नका, स्वतःच्या कामाचं, कुटुंबाचं नेमकं लिहा, कारण तेच उपयोगी पडतं. न्यूयॉर्कमध्ये असाल तर पार्टिसिपेटरी बजेटिंग बघा, म्हणजे सरकारी पैशाचा काही भाग कुठे खर्च करायचा ते रहिवाशांनीच मत देऊन ठरवायचं, ज्या ज्या वॉर्डात ते होतं तिथे ११ वर्षांच्या पुढचा कोणताही रहिवासी मत देतो, व्हिसा कोणी विचारत नाही, आणि त्यातून शाळेची स्वच्छतागृहं, झाडं, बागेची दुरुस्ती अशी कामं होतात. शाळेच्या बोर्डाच्या बैठकीतही बोलता येतं. तिथे मांडलेल्या एका मुद्द्यावर आमच्याकडे बसचा थांबा हलवला गेलाय.

अनघा_के
घटनादुरुस्ती अशक्य म्हणणाऱ्यांसाठी: ग्रेगरी वॉटसन. १९८२ मध्ये टेक्सासमध्ये कॉलेजात असताना त्याने निबंध लिहिला की १७८९ सालचा एक प्रस्ताव अजून जिवंत आहे, खासदारांची पगारवाढ पुढची निवडणूक झाल्याशिवाय लागू होऊ नये असा. निबंधाला सी ग्रेड मिळाला. तो पेटला आणि राज्याराज्यांच्या आमदारांना पत्रं लिहीत सुटला, आधी मेन राज्याने मंजुरी दिली, मग कोलोरॅडोने, आणि १९९२ मध्ये ती २७ वी घटनादुरुस्ती झाली. विद्यापीठाने २०१७ मध्ये त्याचा ग्रेड बदलून ए केला.

नोव्हीकर
हे भारीच आहे. शुभांगीताई, मग माझा शनिवार कुठे घालू ते सांगाच.

शुभांगी_लान्सिंग
सांगते. आपल्या राज्याच्या घटनेत लिहिलंय की दर १६ वर्षांनी मतदारांना विचारायचं, नवीन घटना लिहायला परिषद बोलवायची का. २०१० मध्ये लोकांनी मोठ्या फरकाने नाही म्हटलं, आता तो प्रश्न नोव्हेंबर २०२६ च्या मतपत्रिकेवर आहे. तुमचं मत हो असो की नाही, आपल्या मंडळातल्या किती जणांना हा प्रश्न येणार आहे हे माहीत आहे ते आधी विचारून बघा. हो झालं तर प्रतिनिधी निवडले जातील आणि टॅक्स, शाळा, सह्यांचे नियम सगळंच टेबलावर येईल, आयोगसुद्धा, म्हणून मला स्वतःला धास्ती वाटते. १९६३ ची घटना लायब्ररीत मिळते, ऑनलाइनही आहे, चार कुटुंबं एकत्र बसून वाचूया, मी लान्सिंगहून येते. कोणता शनिवार जमेल ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.