'थोल' हे लॅटिनचं उसनं नाही

'सोसणे' या अर्थाचं स्कॉट्स (स्कॉटलंडमधली इंग्रजीच्या नात्यातली भाषा) क्रियापद 'थोल' लॅटिन 'टॉलरारे'वरून (सहन करणे) आलं, असं एक मत मांडलं जातं; मला ते पटत नाही. ते जुन्या इंग्रजीतल्या 'थोलियन'चं वंशज आहे. लॅटिन शब्द त्याचा चुलतभाऊ. दोघांचं मूळ उचलणे, पेलणे या अर्थाच्या एकाच आदिम धातूत आहे आणि संस्कृत 'तुला'सुद्धा त्याच कुळातली. म्हणजे आपलं 'तोलणं' आणि त्यांचं सोसणं एका घरचं! मला हे फार सुंदर वाटतं.

या शब्दाबद्दल आणखी एक: स्कॉटलंडच्या कायद्यात ज्याचा खटला एकदा पूर्ण चालून संपला, त्याने आपली 'असाइझ थोल केली', म्हणजे आपला खटला सोसला, असं म्हणतात. त्याच गुन्ह्यासाठी त्याच्यावर पुन्हा खटला भरता येत नसे. 2011 च्या कायद्याने याला मोजके अपवाद केले.