रविवारी माळी येणार आहे, त्याआधी वाचा

सेक्रेटरी: नमस्कार. मागच्या बाजूला कढीपत्ता आणि अडुळसा फार माजलाय. रविवारी माळीदादा येतील, सगळं काढून अरेका पाम लावू. एकसारखं दिसेल. हरकत?

बी-२०४: आहे 🙏 कढीपत्ता काढू नका. त्याची काळी फळं खायला बुलबुल येतात, कोकीळही येतो. अरेका मूळचा मादागास्करचा, आपले पक्षी त्याच्याकडे फारसे ढुंकूनही बघत नाहीत.

ए-१०२: गेटवरचा गुलमोहरपण मादागास्करचाच. तोडायचा का मग?

बी-२०४: छे काका, त्यावर कावळ्याचं घरटं आहे. नवीन लावताना विचार करू, एवढंच म्हणतोय.

सी-३०१: कढीपत्त्यावर आणि माझ्या लिंबावर सारख्या अळ्या! फवारा मारायला सांगा एकदाचा.

बी-२०४: काकू, त्या लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या. लहानपणी पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार. चार पानं खातील, झाड मरत नाही. शिंजीर पक्षी फुलातला मध पितो हे खरं, पण पिल्लांना किडे आणि कोळीच भरवतो. फवारा मारला की पिल्लांचं ताटच उचललं.

ए-१०२: पक्षी म्हणजे शेवटी कबुतरंच येणार. ड्राय बाल्कनीत पाय ठेववत नाही.

बी-२०४: कबुतरं झाडांमुळे येत नाहीत काका, गच्चीवर ज्वारी टाकल्यामुळे येतात. नाव घेत नाही 😄

डी-४०३: कळलं 😐 मी चिमण्यांसाठी टाकते.

सी-३०१: चिमण्यांपर्यंत दाणा पोचतोय कुठे गं! कबुतरंच फस्त करतात.

सेक्रेटरी: मग लावायचं काय ते सांगा. बजेट ८ हजार.

बी-२०४: अडुळसा आहेच, त्याच्या पांढऱ्या फुलांवर शिंजीर येतो. सोबत धायटी, उन्हाळ्याच्या तोंडाला लाल फुलांनी लगडते. मुरडशेंगेची दोन रोपं, तिचं फूल लाल उमलतं आणि मग राखाडी-निळसर पडतं. कुंपणाला करवंद, काट्यांमुळे मांजर घरट्याकडे फिरकत नाही. उंबर मलाही आवडतो, तांबट पक्षी त्याच्या फळांवर तुटून पडतात, पण भिंतीला खेटून नको, मुळं कंपाउंड फोडतील. ज्यांना फक्त बाल्कनी आहे त्यांनी मातीचं उथळ ताट ठेवा, पाणी रोज बदला, नाहीतर डास.

ए-१०२: करवंदाला माझा पाठिंबा. लोणचं 😋

डी-४०३: [फोटो] हे काय आहे? जास्वंदीची दोन पानं कुणीतरी दोऱ्याने शिवल्यासारखी दिसतायत.

बी-२०४: शिंपी पक्ष्याचं घरटं! पानं शिवायला तो कापूस आणि कोळ्याच्या जाळ्याचा धागा वापरतो. कुंडी हलवू नका ताई, वाकूनही बघू नका. पाणी मात्र नेहमीसारखं घाला.

डी-४०३: बापरे. ज्वारी बंद 🙈

सेक्रेटरी: बरं, अरेका रद्द. रविवारी फक्त वरवर छाटणी.

बी-२०४: मी ९ ला खाली येतो. छाटायच्या आधी कुठे घरटं आहे का बघून घेतो.

सी-३०१: आणि छाटलेला कढीपत्ता कचऱ्यात टाकू नका रे, मी पिशवी पाठवते.