मदत हवी आहे: टकिला, संत्रा अन् स्पार्कलिंग वाईन, फेस टिकत नाही

राजेहो, एका ग्लासाचं माप असं: पांढरी टकिला ३० मिली, ताजा संत्र्याचा रस ३० मिली, लिंबू १० मिली, साखरेचा पाक (साखर-पाणी समसमान) १० मिली. बर्फात १०-१२ सेकंद हलवून गाळायचं, वरून ९० मिली गार ब्रूट (कमी गोड स्पार्कलिंग वाईन), ग्लास तिरपा धरून. वाईन शेकरमध्ये अजिबात नाही. झाकण उडतं अन् गॅसही जातो.

तरी फेस उसळून ग्लासाबाहेर येतो, मग पेय निपचित. चोथ्याच्या कणांवर बुडबुडे धरतात, म्हणून रस दुहेरी मलमलीतून गाळतो. फरक पडतो, पण पुरेसा नाही. बाटलीच कोमट असते का? लोडशेडिंगमध्ये फ्रीज ६ अंशांपर्यंत उतरतच नाही. बर्फ, पाणी अन् मिठाच्या बादलीत बाटली किती वेळ ठेवावी, की गारही होईल अन् गोठणारही नाही?

दुसरं, नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की कडवट होतो. हे लिमोनिनचं (संत्र्यातल्या कडू घटकाचं) काम. बिया चिरडल्या की आणखीच. आठ पाहुण्यांसाठी रस आधी काढायचा तर काय करता? साखर वाढवा म्हणू नका, ब्रूटची मजाच जाते.