मावशीच्या वर्षश्राद्धाला स्मरणपुस्तिका: खो-खोची कात्रणं कशी वाचायची, काय छापायचं?

प्रश्न
मावशी सत्तरच्या दशकात महाराष्ट्राकडून खो-खोच्या राष्ट्रीय स्पर्धा खेळली, पुढे सगळं घर तिच्याभोवती फिरलं. हाताशी आहे ते असं: काळवंडलेली पदकं, चिकट पानांचा अल्बम, कात्रणं आणि लाडवांची वही. १६ पानी पुस्तिका, १०० प्रती. कात्रणात तिच्या नावापुढे ‘(२.५० मि., १.४० मि. व ३ गडी)’ असं आहे, ते भाचरांना कळेल असं कसं लिहावं? पदकं घासावीत का?

गुणलेखक
कंसातले पहिले दोन आकडे पळतीचे, म्हणजे दोन डावांत ती किती वेळ बाद न होता पळाली ते. ‘३ गडी’ म्हणजे आक्रमणात तिने तिघींना बाद केलं. २.५० हा दशांश नाही, २ मिनिटं ५० सेकंद. बेरीज ४.३० होते, कॅल्क्युलेटरवर ३.९० येतं आणि तेच छापलं जातं. पळणाऱ्या तिघी-तिघींच्या तुकडीने उतरतात, त्यामुळे एकीने जवळजवळ तीन मिनिटं काढणं म्हणजे काय ते एका ओळीत सांगाच. कात्रणात ‘१ डाव ३ गुण राखून’ असेल तर त्याला ‘तीन गुणांनी निसटता विजय’ करू नका. तो एकतर्फी सामना असतो: समोरच्यांना दोन्ही आक्रमणांत मिळून यांच्या एका आक्रमणाइतकेही गुण झाले नाहीत, तीन कमीच पडले.

भाचरांनी २०२५ चा विश्वचषक पाहिला असेल, तर भारत-नेपाळ महिला अंतिम सामन्याचा ७८-४० हा गुणफलक त्यांच्या डोक्यात असेल. मावशीच्या काळी एक गडी बाद केला की एकच गुण, म्हणून जुने आकडे छोटे दिसतात. तळटीप द्या.

आणि ‘भारताकडून खेळल्या’ असं लिहू नका. खो-खोची पहिली आशियाई स्पर्धाच १९९६ ची, कोलकात्याची. ‘महाराष्ट्राकडून राष्ट्रीय स्पर्धा’ हेच बरोबर, आणि ते कमी नाही. राष्ट्रीय स्पर्धेतल्या सर्वोत्कृष्ट महिला खेळाडूचा राणी लक्ष्मीबाई पुरस्कार वेगळा, ‘उत्कृष्ट संरक्षक’ (पळतीतली उत्कृष्ट) वेगळा. प्रमाणपत्रावर जे आहे तेच शब्द उतरवा.

छापखान्यातला
पदकं घासू नका. बहुतेकांवर पातळ मुलामा असतो. चिंच-मीठ किंवा पितांबरी लावलीत की मुलामा जातो, खालचं पितळ उघडं पडतं आणि कोरलेलं साल पुसट होतं. कोरड्या मऊ कापडाने धूळ टिपा. फ्लॅश बंद, पदक खिडकीशी आडवं ठेवा. तिरक्या उजेडात अक्षरं उठून दिसतात.

अल्बममधला फोटो कोपऱ्याला धरून ओढलात तर वाकून चरे पडतात. दातांत फिरवायचा फ्लॉस फोटोमागून करवतीसारखा हळूहळू सरकवा. तरीही निघाला नाही, तर वरचा प्लास्टिक पडदा उचलून पानासकट स्कॅन करा. २ × ३ इंचांचा फोटो ६०० डीपीआयवर घेतला की ४ × ६ पर्यंत नीट छापतो. कात्रणामागे काळा कागद ठेवा, नाहीतर पाठीमागची जाहिरात फोटोत उमटते. प्रमाणपत्रांना लॅमिनेशन नको, एकदा चिकटलं की सुटत नाही.

१६ पानं म्हणजे चार ए-फोर कागद, मधोमध घडी आणि पिना. एक पान वाढलं तरी चार वाढतात. आतल्या कडेला १२ मिमी मोकळं सोडा.

वाटी-चमचा
घरच्या भागात ‘प्रेमळ, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल’ ही निधनवार्तेतली माळ गाळा. ते शब्द कुणालाही लागतात. नातेवाइकांना ‘आठवण सांगा’ म्हटलं की भाषण येतं. त्याऐवजी विचारा: सरावाला किती वाजता निघायची? सामना असला की लेकरू कुणाच्या कडेवर असायचं? लग्नानंतर मैदान कुठल्या साली सुटलं, की सुटलंच नाही? दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर दोन्ही छापा, नावासकट.

लाडवांचं पान तिच्याच हस्ताक्षरात स्कॅन करा, शेजारी टंकलेलं प्रमाण. वहीत ‘एक वाटी’ असेल ती कुठली? तिची वाटी घरात असेल तर काठोकाठ पाणी भरून ते पाणी वजनकाट्यावर तोला: जितके ग्रॅम, तितके मिली. मात्र १५० मिलीच्या वाटीत डिंक आणि खारीकपूड सारख्या वजनाचे बसत नाहीत, म्हणून जिन्नस वेगवेगळे तोलूनच लिहा. डिंक तळायची ओळ वहीत बहुधा नसेल, ती घाला: मंद आचेवर, एका वेळी अर्धा चमचा. जास्त टाकला की वरून फुलतो, आत कच्चा राहतो आणि दाताला चिकटतो.

प्रश्नकर्ता
पानावर आधी काय, खेळ की घर?

गुणलेखक
विभाग पाडू नका, सालवारीने लावा. १९७४ चं कात्रण आणि त्याच वर्षीचा बारशाचा फोटो समोरासमोर आले तर येऊ द्यात.