‘वैमानिक हल्ला’ की ‘हवाई हल्ला’?

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव)

१९७१च्या हवाई युद्धावरचं एक पुस्तक वाचून झालं आणि आमच्या वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी दीड पान लिहिलं. त्यात वाक्य होतं: ‘१४ डिसेंबरला श्रीनगरच्या तळावर पाकिस्तानच्या सहा सेबर विमानांनी वैमानिक हल्ला केला.’ पुण्याचा भाचा सुट्टीला आलाय, तो वाचून हसत सुटला. ‘मामा, वैमानिक हल्ला म्हणजे? वैमानिक खाली उतरून काठ्या घेऊन आले काय?’ मला वाक्यात काही खटकलं नव्हतं, खरं सांगायचं तर अजूनही फारसं खटकत नाही. चूक असेल तर ती माझ्या हातून आली कुठून?

चिक्कोडीहून

कुठून म्हणजे, कन्नड पेपरातून की ओ! कृष्णेला पूर आला की मुख्यमंत्री हेलिकॉप्टरातून ‘वैमानिक समीक्षे’ करतात. बॉम्ब पडले की ‘वैमानिक दाळी’. तिकडं ते विशेषण, आपल्याकडं माणूस. सकाळी दोन्ही पेपर वाचायचे, मग दुपारी लिहिताना कुठला शब्द कुठल्या पेपरातला हे कोण बघत बसतंय? मराठीत हवाई पाहणी आणि हवाई हल्ला. विषय संपला.

शहापूर, बेळगाव

मी संस्कृत शिकवत होते, त्यामुळे माझ्यासाठी तो इतक्यात संपत नाही. ‘इक’ हा प्रत्यय लागला की शब्द दोन्हीकडे जाऊ शकतो. इतिहासाचं ऐतिहासिक झालं, ते विशेषण. नावेचा नाविक झाला, तो माणूस. ‘वैमानिक’च्या बाबतीत कन्नडनं पहिली वाट धरली, मराठीनं दुसरी. आपण ‘सैनिक’ म्हणजे जवान म्हणतो, पण विजापूरच्या ‘सैनिक शाळे’त तोच शब्द विशेषण होऊन बसलाय आणि कुणी हसत नाही. म्हणून तुमचं वाक्य व्याकरणानं मोडत नाही, मराठी कानाला मात्र अडतं. भाच्याला एवढं सांगा आणि ‘हवाई’ करून टाका.

निपाणीहून

थोडं विषयांतर. आमच्याकडे जैन पाठशाळेत देवांचे चार प्रकार पाठ करून घेत: भवनवासी, व्यंतर, ज्योतिष्क, वैमानिक. शाळेच्या पुस्तकात वैमानिक विमान चालवताना दिसला तेव्हा मी आजीला विचारलं, हाच का तो देव? आजी म्हणाली, देव कशाला चालवतील, ते त्यात राहतात. युद्धाच्या पुस्तकात हा शब्द आला की अजून क्षणभर आजीचा देवच दिसतो.

सांबरा रस्ता, बेळगाव

माझी तक्रार निराळी आहे. ‘हवाई हल्ला’ लिहून सुटता येतं, पण भाषांतरकार विमानात बसलेल्या प्रत्येकाला वैमानिक करून टाकतात त्याचं काय? दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लँकेस्टर बॉम्बरमध्ये सात जण असत. चालवणारा एकच. बाकी एक इंजिनकडे बघणारा, एक नकाशावरून दिशा सांगणारा, एक बॉम्ब सोडणारा, एक वायरलेसवाला आणि दोघे मशीनगनवर. त्यातला शेपटीतला गनर तर रात्रभर एकटा, थंडीत, मागं तोंड करून. मराठी पुस्तकात ओळ येते, ‘विमान कोसळले, सात वैमानिक ठार.’ वाचणाऱ्याला वाटणार, सात जण आळीपाळीनं चालवत होते की काय!

ही किरकोळ चूक नाही. ब्रिटिशांच्या बॉम्बर कमांडच्या, म्हणजे बॉम्बफेकी विमानांच्या दलाच्या, युद्धात विमानांतून गेलेल्या सुमारे सव्वा लाख माणसांपैकी ५५,५७३ मेले. हा आकडा ‘इतके वैमानिक’ म्हणून छापला की गनर, वायरलेसवाले, दिशा दाखवणारे, सगळे पुसले जातात. जहाजावरच्यांसाठी आपल्याकडे खलाशी आहे, तांडेल आहे. विमानासाठी तसं काही रुळलं नाही. ‘विमान कर्मचारी’ म्हटलं की चहाची ट्रॉली डोळ्यांपुढे येते. मी तरी सरळ ‘विमानातले सातही जण’ असं वाचतो आणि पुढे जातो.

आमच्या भागात हा घोळ मुळातच आहे म्हणा. सांबऱ्याला हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथं वायुसैनिक तयार होतात. पण निळ्या गणवेशातला पोरगा बसमध्ये चढला की आमची काकू शेजारणीला सांगणार, ‘पायलट हाय तो.’

खानापूरहून

पायलट म्हणाल तर चोर्ला घाट उतरून गोव्यात जा. तिथं मोटारसायकलवर मागं बसवून नेणारा तो पायलट. पिवळा मडगार्ड, पाठीवर आपली बॅग. त्याला वैमानिक म्हणून बघा एकदा.

शहापूर, बेळगाव

हुद्द्यांचंही बघा. बेळगावातल्या लष्कराच्या मराठा सेंटरमुळे सुभेदार, हवालदार आपल्याकडं घरोघरी कळतात, हवाई दलाचे कळत नाहीत. ‘फ्लाइंग ऑफिसर’चं ‘उड्डाण अधिकारी’ केलेलं मी वाचलंय. तो हुद्दा आहे, काम नव्हे. विमान न उडवणाराही फ्लाइंग ऑफिसर असतो. आणि ग्रुप कॅप्टन म्हणजे पायदळातल्या कॅप्टनपेक्षा कितीतरी वरचा, कर्नलच्या बरोबरीचा. हुद्दे आहेत तसेच ठेवावेत.

मूळ प्रश्नकर्ता

पान परत लिहिलं. ‘हवाई हल्ला’ केला. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों यांचा हुद्दा तसाच ठेवला. मी ‘तरुण उड्डाण अधिकारी’ लिहिलं होतं, ते शहापूरच्या ताईंना कळलं कसं कोण जाणे. त्यांच्यापुढे ‘वैमानिक’ मात्र निःशंक लिहिला. त्यांच्या नॅट या लढाऊ विमानात जागाच एकाची. श्रीनगरवरच्या त्या हल्ल्याच्या दिवशी ते वर एकटेच सेबर विमानांशी झुंजले आणि परत आले नाहीत. परमवीर चक्र मिळालेले हवाई दलातले ते एकमेव.

कॅनबेरा या बॉम्बर विमानांच्या परिच्छेदात मात्र अडलो होतो. तिथं दोघं असतात. आधी ‘दोन्ही वैमानिक’ लिहिलं होतं, आता ‘वैमानिक आणि नेव्हिगेटर’ (म्हणजे दिशा सांगणारा) केलंय. भाचा म्हणतो, नेव्हिगेटरला मराठी शब्द शोध की मामा. त्याला म्हटलं, तू शोध, सुट्टी अजून आठ दिवस आहे.